खुल्या ज्ञानाला वसतिगृह हवे

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



विद्या हे दिल्याने न घटणारे धन आहे, असे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. तत्त्व म्हणून ते निर्विवाद आहे. परंतु व्यवहारात विद्यादानाला नेहमीच मर्यादा पडत आल्या. गुरू एका गावी असे आणि त्याच्यासमोर मावतील तेवढेच शिष्य शिकत. पोथीची एक प्रत करावयास लेखनिकाचे कित्येक दिवस खर्ची पडत. मुद्रणकला आली तरी कागद, शाई, बांधणी आणि वाहतूक यांचा खर्च प्रत्येक प्रतीमागे होताच. विसाव्या शतकाच्या अखेरीस इंटरनेटचा प्रसार झाला आणि प्रत काढण्याचा हा खर्च जवळजवळ शून्यावर आला. एकदा चित्रित केलेला पाठ दहांनी पाहिला काय किंवा दहा लाखांनी पाहिला काय, तो तयार करण्याच्या मूळ खर्चात फरक पडेनासा झाला. मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांची आणि मुक्त शिक्षणाची चळवळ या एका आर्थिक वस्तुस्थितीवर उभी आहे.

या चळवळीचा विस्तार थक्क करणारा आहे. तथापि तिच्या पंचवीस वर्षांच्या वाटचालीने एक अवघड प्रश्नही समोर ठेवला आहे. ज्यांना शिक्षणाची सर्वाधिक गरज, त्यांच्यापर्यंतच हे शिक्षण सर्वांत कमी का पोहोचते? दार सताड उघडे असताना आत येणारे बहुतेक जण आधीच शिकलेले का असतात? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा आजच्या भाषणाचा उद्देश आहे. कारण त्या उत्तरात सामाजिक संस्थांसाठी एक निश्चित कर्तव्य दडलेले आहे.

टपालापासून आकाशवाणीपर्यंत

या शिक्षणाचे मूळ संगणकात नसून टपालात आहे. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षणाचा आरंभ केला. इंग्लंडमध्ये १९६९ साली 'ओपन युनिव्हर्सिटी'ला राजसनद मिळाली आणि जानेवारी १९७१ पासून तिचे प्रत्यक्ष अध्यापन सुरू झाले. पूर्वपरीक्षेची अट न घालता प्रवेश द्यावा, पाठ्यसाहित्य घरी पाठवावे आणि बीबीसीच्या प्रक्षेपणातून व्याख्याने ऐकवावीत, अशी तिची पद्धत होती. तिच्या यशाचे श्रेय बहुधा दूरदर्शनला दिले जाते. पण विद्यार्थ्याचा स्वाध्याय तपासून त्यावर शेरे लिहिणारा आणि अभ्यासकेंद्रात त्याला भेटणारा स्थानिक मार्गदर्शक हा त्या रचनेचा खरा कणा होता.

भारतात १९८२ मध्ये हैदराबाद येथे देशातील पहिले मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आले आणि १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. संस्थापक कुलगुरू डॉ. राम ताकवले यांच्या नेतृत्वाखाली या विद्यापीठाने 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेतले. नोकरदार, गृहिणी, शेतकरी आणि अर्ध्यावर शाळा सुटलेले प्रौढ यांना मराठीतून शिकण्याची वाट त्यामुळे मिळाली. येथेही गावोगावच्या महाविद्यालयांतील अभ्यासकेंद्रे हा महत्त्वाचा दुवा होता.

२००१ सालचा निर्णय

एप्रिल २००१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, या संस्थेने एक घोषणा केली. त्या काळी अनेक विद्यापीठे ऑनलाइन शिक्षणातून नफा कसा मिळेल याचे आराखडे आखत होती. एमआयटीने मात्र आपल्या जवळजवळ सर्व अभ्यासक्रमांची टिपणे, स्वाध्याय आणि प्रश्नपत्रिका जगाला विनामूल्य खुल्या करण्याचे ठरवले. चार्ल्स व्हेस्ट तेव्हा संस्थेचे अध्यक्ष होते. २००२ मध्ये ५० विषयांनी सुरुवात झाली आणि २००७ पर्यंत ही संख्या सुमारे १,८०० वर गेली. हा उपक्रम 'ओपनकोर्सवेअर' या नावाने प्रसिद्ध आहे. यात पदवी मिळत नाही आणि प्राध्यापकांशी संपर्कही होत नाही. संस्थेने भांडार खुले केले. त्यातून घ्यायचे ते ज्याचे त्याने घ्यावे, अशी ही योजना.

हे विनामूल्य साहित्य बिनखर्चाचे मात्र नव्हते. आरंभीच ह्यूलेट आणि मेलन या दोन धर्मादाय प्रतिष्ठानांनी मिळून १ कोटी १० लाख डॉलरचे साहाय्य दिले. मोफत मिळणाऱ्या प्रत्येक वस्तूची किंमत कोठेतरी, कोणीतरी चुकती करत असतो, हा व्यवहाराचा नियम शिक्षणालाही लागू आहे.

त्याच सुमारास दुसरी मूलभूत घडामोड झाली. २००१ मध्ये 'क्रिएटिव्ह कॉमन्स' ही संस्था स्थापन झाली आणि डिसेंबर २००२ मध्ये तिने आपले पहिले परवाने प्रसिद्ध केले. लेखकाने आपला हक्क कायम ठेवूनही इतरांना वापराची परवानगी आगाऊ देऊन टाकावी, अशी सोय त्यामुळे झाली. २००२ मध्येच युनेस्कोच्या पॅरिस येथील परिषदेत 'मुक्त शैक्षणिक साधने' ही संज्ञा पुढे आली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने या विषयावर सदस्य राष्ट्रांसाठी शिफारसपत्र स्वीकारले.

येथे 'मोफत' आणि 'मुक्त' या दोन शब्दांतील भेद ध्यानी घ्यावा लागतो. पैसे न देता पाहता येते ते मोफत. अमेरिकी अभ्यासक डेव्हिड वायली यांनी मुक्त साहित्याचे पाच हक्क सांगितले आहेत: ते जवळ बाळगता यावे, वापरता यावे, बदलता यावे, इतर साहित्याशी जोडता यावे आणि वाटता यावे. मराठी माणसाच्या दृष्टीने यातील बदलण्याचा हक्क सर्वांत मोलाचा आहे, कारण भाषांतर हाही एक बदलच होय. मोफत परंतु परवाना नसलेला इंग्रजी पाठ मराठी शिक्षकाला फार तर दाखवता येतो. मुक्त परवाना असलेला पाठ त्याला मराठीत आणता येतो, त्यात विदर्भातील कापसाचे किंवा सांगलीच्या हळदीचे उदाहरण घालता येते आणि छापून विद्यार्थ्यांच्या हाती देता येतो.

लाखालाखांचे वर्ग

२००८ मध्ये कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी एक अभिनव प्रयोग केला. शुल्क भरणाऱ्या सुमारे २५ विद्यार्थ्यांच्या वर्गात त्यांनी इतरांनाही ऑनलाइन विनामूल्य प्रवेश दिला, तेव्हा दोन हजारांहून अधिक लोक सामील झाले. 'मॅसिव्ह ओपन ऑनलाइन कोर्स' या शब्दांच्या आद्याक्षरांवरून 'मूक' हे नाव तेव्हापासून रूढ झाले. मराठी कानाला ते चमत्कारिक वाटते. पण एका बाजूने बोलणाऱ्या आणि दुसऱ्या बाजूचे क्वचितच ऐकू येणाऱ्या या शिक्षणाला ते अगदीच विसंगत नाही.

२०११ च्या उत्तरार्धात स्टॅनफर्ड विद्यापीठातील सेबास्टियन थ्रुन आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम सर्वांना खुला केला आणि सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी नावे नोंदवली. त्यानंतर घटना वेगाने घडल्या. २०१२ मध्ये थ्रुन यांची 'उडॅसिटी', अँड्र्यू एनजी आणि डॅफ्नी कोलर यांची 'कोर्सेरा' आणि एमआयटी व हार्वर्ड यांनी प्रत्येकी ३ कोटी डॉलर गुंतवून उभारलेली ना-नफा तत्त्वावरील 'एडएक्स', अशा तीन संस्था पुढे आल्या. मूळ भारतीय असलेले प्राध्यापक अनंत अगरवाल यांनी एडएक्सची धुरा वाहिली. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०१२ हे वर्ष 'मूक'चे वर्ष म्हणून गौरवले. जुनी विद्यापीठे लवकरच कालबाह्य होतील, अशी भाकितेही त्या काळात झाली.

२०२० मध्ये करोनाच्या साथीने जगभरातील शाळा-महाविद्यालये बंद पडली, तेव्हा या अभ्यासक्रमांना दुसरी भरती आली. अशा अभ्यासक्रमांची नोंद ठेवणाऱ्या 'क्लास सेंट्रल' या संस्थेच्या अंदाजानुसार, २०२१ च्या अखेरीस चीन वगळता जगभरात सुमारे २२ कोटी लोकांनी असा एखादा तरी अभ्यासक्रम घेतला होता.

आकड्यांचा ताळेबंद

नोंदणीचा आकडा हा दुकानात डोकावून गेलेल्यांचा आकडा असतो. खरेदी किती झाली हे त्यावरून कळत नाही. एडएक्सवरील पहिला अभ्यासक्रम विद्युत्-मंडले आणि इलेक्ट्रॉनिक्स या विषयाचा होता. २०१२ मध्ये त्यासाठी १,५४,७६३ जणांनी नावे नोंदवली आणि ७,१५७ जण उत्तीर्ण झाले. हे प्रमाण पाच टक्क्यांहूनही कमी भरते. दुसऱ्या बाजूने पाहिले तर एका कठीण विषयात सात हजारांहून अधिक माणसे एका वेळी तयार झाली. एखाद्या महाविद्यालयाच्या वर्गातून एवढी माणसे बाहेर पडावयास अनेक दशके लागतात. त्यांत मंगोलियातील उलानबातरचा १५ वर्षांचा एक मुलगाही होता आणि त्याने पूर्ण गुण मिळवले होते. दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

अर्धवट सोडणारा प्रत्येक जण अपयशी ठरतो, असेही मानता येत नाही. ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकाचे एखादेच प्रकरण वाचून समाधान पावणारा वाचक असतो, तसाच एखाद्या पाठापुरता आलेला विद्यार्थी असतो. म्हणून केवळ पूर्ततेच्या टक्केवारीवरून या शिक्षणाला नापास ठरवणे अन्यायाचे होईल. चिंतेचे खरे कारण निराळे आहे.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या कोर्सेरावरील अभ्यासक्रमांत शिकणाऱ्या सुमारे ३५ हजार जणांची पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ८३ टक्के जणांकडे आधीच पदवी किंवा पदविका होती. ब्राझील, चीन, भारत, रशिया आणि दक्षिण आफ्रिका या देशांतील शिकणाऱ्यांपैकी जवळजवळ ८० टक्के जण त्या त्या देशातील सर्वांत सधन आणि सुशिक्षित अशा ६ टक्के लोकसंख्येतील होते. म्हणजे ज्या घरात दिवा तेवत होता तेथेच आणखी एक दिवा लागला.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील सॅन होजे स्टेट विद्यापीठाने उडॅसिटीच्या साहाय्याने गणित आणि संख्याशास्त्राचे प्राथमिक अभ्यासक्रम ऑनलाइन सुरू केले. पहिल्या सत्रात उत्तीर्णांचे प्रमाण प्रत्यक्ष वर्गांपेक्षा बरेच खाली आले आणि जुलै २०१३ मध्ये प्रयोग स्थगित झाला. उन्हाळी सत्रात निकाल सुधारले. परंतु त्या सत्रातील बरेच विद्यार्थी आधीच पदवीधर होते. याच विद्यापीठातील तत्त्वज्ञान विभागाच्या प्राध्यापकांनी हार्वर्डचा ध्वनिचित्रित अभ्यासक्रम वापरण्यास जाहीर पत्राद्वारे नकार दिला. एका नामांकित प्राध्यापकाची फीत सर्वत्र लावून स्थानिक शिक्षकाला दुय्यम केले तर विद्यार्थ्याशी संवाद कोण करणार, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

'सायन्स' या नियतकालिकात जानेवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हे चित्र अधिक स्पष्ट केले. जस्टिन राइश आणि होसे रुइपेरेझ-व्हॅलिएंटे यांनी एमआयटी आणि हार्वर्डच्या एडएक्सवरील अभ्यासक्रमांची सहा वर्षांची, ५६ लाख विद्यार्थ्यांची माहिती तपासली. नाव नोंदवणाऱ्यांपैकी ५२ टक्के जणांनी अभ्यासक्रम एकदाही उघडला नव्हता. २०१७-१८ मध्ये एकूण सहभागींपैकी ३.१३ टक्के जणांनीच अभ्यासक्रम पूर्ण केला. प्रमाणपत्रासाठी शुल्क भरलेल्यांत मात्र हे प्रमाण ४६ टक्के होते. पैसे भरणारा मुळात अधिक निश्चयी असतो, हे त्याचे एक कारण. आणि पदरचे काही गुंतले की माणूस अर्ध्यावरून सहसा मागे फिरत नाही, हेही एक कारण असू शकते.

मोफतचा खर्च कोणी करावा?

खाजगी भांडवलावर उभ्या राहिलेल्या संस्थांना उत्पन्नाचा मार्ग शोधणे भाग होते. आरंभी विनामूल्य मिळणारी प्रमाणपत्रे हळूहळू सशुल्क झाली. एडएक्सने आपली मोफत प्रमाणपत्रे २०१५ च्या अखेरीस बंद केली. उडॅसिटी उद्योगांसाठीच्या सशुल्क प्रशिक्षणाकडे वळली आणि २०२४ मध्ये अॅक्सेंचर कंपनीने ती विकत घेतली. कोर्सेराचे भागभांडवल मार्च २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात नोंदले गेले. एमआयटी आणि हार्वर्ड यांनी २०२१ मध्ये एडएक्सचा व्यवहार 'टू-यू' या कंपनीला ८० कोटी डॉलरना विकला आणि जुलै २०२४ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितले. एडएक्सचे काम त्यानंतरही चालू राहिले. तथापि सार्वजनिक हिताची संस्था ऋणाच्या ओझ्याखालील कंपनीच्या हाती गेली की काय घडू शकते, याचा हा धडा आहे.

यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. धंदा हा नफ्यावरच चालतो. परंतु सर्वांना मोफत देण्याचे वचन आणि भागधारकांना द्यावयाचा परतावा यांची सांगड फार काळ टिकत नाही. म्हणून खुल्या शिक्षणाचा खर्च शासनाने, विद्यापीठांनी आणि धर्मादाय संस्थांनी उचलणे हाच स्थिर मार्ग ठरतो.

भारतातील वाटचाल

या बाबतीत भारताने आरंभापासून निराळी वाट धरली. २००३ मध्ये तत्कालीन मानव संसाधन विकास मंत्रालयाच्या निधीतून सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी 'एनपीटीईएल' हा उपक्रम सुरू केला. अभियांत्रिकी आणि विज्ञानाची संपूर्ण व्याख्याने कोणालाही विनामूल्य पाहता येऊ लागली. आयआयटीची प्रवेशपरीक्षा ज्यांना ओलांडता आली नाही, त्यांच्यापर्यंत आयआयटीचे प्राध्यापक प्रथमच पोहोचले. २०१४ पासून परीक्षा आणि प्रमाणपत्राची सोय झाली. शिकणे विनामूल्य, ज्याला प्रमाणपत्र हवे त्याने सुमारे एक हजार रुपये शुल्क भरून नेमलेल्या केंद्रावर प्रत्यक्ष परीक्षा द्यावयाची. ४, ८ किंवा १२ आठवड्यांचा अभ्यासक्रम, दर आठवड्याला स्वाध्याय आणि अखेरीस देखरेखीखालील परीक्षा, अशी ही शिस्त आहे. प्रश्नांची तयार उत्तरे देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आता घरोघरी पोहोचली असल्यामुळे प्रत्यक्ष परीक्षेचे मोल अधिकच वाढले आहे.

९ जुलै २०१७ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 'स्वयम्' या शासकीय व्यासपीठाचे उद्घाटन झाले. चित्रित व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि शंकासमाधानासाठी चर्चामंच अशी त्याची चतुर्विध रचना आहे. इंटरनेट नसलेल्या घरांसाठी त्याच दिवशी 'स्वयम् प्रभा' या ३२ शैक्षणिक दूरचित्रवाहिन्यांचाही आरंभ झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या नियमांत एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंत विषय अशा अभ्यासक्रमांतून पूर्ण करण्याची मुभा दिली होती. २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्के झाली. म्हणजे आडगावच्या महाविद्यालयात ज्या विषयाला शिक्षकच नाही, तो विषय तेथील विद्यार्थ्याला राष्ट्रीय पातळीवरच्या प्राध्यापकाकडून शिकता येतो आणि त्याचे श्रेयांक आपल्या पदवीत जमा करता येतात.

भाषेचा अडसर दूर करण्याचे प्रयत्नही चालू आहेत. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्पाने संगणक प्रणालींचे सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत मुक्त परवान्याखाली दिले आहेत. एनपीटीईएलच्या अनेक व्याख्यानांचे मजकूर मराठीत आले आहेत. २०२१ मध्ये आयआयटी मुंबईनेच तांत्रिक ग्रंथांच्या भाषांतरासाठी 'उडान' हा प्रकल्प हाती घेतला. तरीही उच्च शिक्षणातील बहुतांश चांगली व्याख्याने आज इंग्रजीतच आहेत आणि मराठी माध्यमातून बारावी झालेल्या मुलाला विषयाच्या आधी भाषेशीच झुंजावे लागते.

साधनांचा अडसर तर आकड्यांतच दिसतो. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातील केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता आणि १४.९ टक्के कुटुंबांत इंटरनेटची सोय होती. शहरांत हेच प्रमाण अनुक्रमे २३.४ आणि ४२ टक्के होते. त्यानंतर मोबाइल फोन खेडोपाडी पोहोचले, ही समाधानाची बाब होय. परंतु घरातला एकुलता एक फोन वडिलांबरोबर कामावर जात असेल आणि रात्री तो तिघा भावंडांत वाटला जात असेल, तर बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम तडीस कसा जावा?

इतिहासाने दिलेले उत्तर

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राच्या मातीत शंभर वर्षांपूर्वीच शोधले गेले आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्याच्या सोळा वर्षे आधी, १९०१ मध्ये, व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि दिगंबर जैन बोर्डिंग ही वसतिगृहे कोल्हापुरात सुरू झाली होती आणि पुढे निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे महाराजांच्या आश्रयाने उभी राहिली. शाळेचे दार उघडे असूनही खेड्यातला मुलगा आत येत नाही, कारण त्याला शहरात राहावयास जागा नाही, जेवणाची सोय नाही आणि पाठीवर हात ठेवणारे कोणी नाही, हे महाराजांनी ओळखले होते.

कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये काही काळ राहून शिकलेल्या एका विद्यार्थ्याने हाच विचार पुढे नेला. ते कर्मवीर भाऊराव पाटील होत. १९१९ मध्ये काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. मुलांनी कष्ट करावेत आणि शिकावे, कोणी केवळ दानावर अवलंबून राहू नये, हे त्यांचे तत्त्व होते. रयतच्या शाळांचा विस्तार मोठा आहे. पण त्या शाळांपर्यंत मुलांना पोहोचवले ते वसतिगृहांनी.

ऑनलाइन शिक्षणाच्या पंचवीस वर्षांतील आकडे हेच सांगतात. ओपन युनिव्हर्सिटीला स्थानिक मार्गदर्शक होता आणि नाशिकच्या विद्यापीठाला अभ्यासकेंद्र होते. लाखोंच्या वर्गाला मात्र असा आधार नव्हता. म्हणून ज्यांच्या घरी तो आधार आधीच होता, तेच शेवटपर्यंत टिकले. आजच्या खुल्या ज्ञानालाही एक वसतिगृह हवे आहे. त्यात निवासाची खोली नसली तरी चालेल. परंतु बसण्याची जागा, ठरलेली वेळ, सोबती आणि विचारपूस करणारे वडीलधारे माणूस हवे.

संस्थांना काय करता येईल?

बहुतेक सार्वजनिक ट्रस्टांकडे सभागृह असते आणि ते आठवड्यातील पाच दिवस सायंकाळी रिकामे असते. तेथे इंटरनेटची जोडणी, आठ-दहा संगणक आणि भिंतीवर एक पडदा एवढी सोय पुरेशी आहे. आठवड्यातून तीन सायंकाळी दोन तास एकाच अभ्यासक्रमाचे विद्यार्थी एकत्र बसावेत. व्याख्यान थांबवून-थांबवून पाहावे. इंग्रजीत अडलेले मराठीत सांगण्यासाठी एखादे निवृत्त शिक्षक, अभियंते किंवा वरच्या वर्गातील विद्यार्थी उपस्थित असावेत. त्यांना आयआयटीच्या प्राध्यापकाइतके ज्ञान असण्याची गरज नाही. गेल्या आठवड्याचा स्वाध्याय का दिला नाही, एवढे आपुलकीने विचारणारे माणूस असले तरी गळती कमी होण्यास हातभार लागेल.

परीक्षा-शुल्काचा हिशोब करून पाहावा. तीस विद्यार्थ्यांनी वर्षातून दोन परीक्षा दिल्या, तर सुमारे साठ हजार रुपये लागतील. यातील काही भाग, मग तो शंभर रुपये का असेना, विद्यार्थ्याने स्वतः भरावा आणि उत्तीर्ण झाल्यावर संस्थेने तो परत द्यावा. पदरचे थोडे गुंतले म्हणजे निश्चय टिकतो आणि कर्मवीरांच्या स्वावलंबनाचे तत्त्वही सांभाळले जाते. परीक्षा-केंद्र परगावी असेल तर मुलींच्या जाण्या-येण्याची व्यवस्था संस्थेने आवर्जून करावी, कारण अनेक घरांत परवानगी तेथेच अडते.

ज्या पाठांना मुक्त परवाना आहे, त्यांची मराठी टिपणे तयार करून तीही मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध करावीत. एका गावाने केलेले काम मग दुसऱ्या गावाला पुन्हा करावे लागणार नाही. तसेच वार्षिक अहवालात नाव नोंदवणाऱ्यांची संख्या छापून थांबू नये. किती जण परीक्षेला बसले, किती उत्तीर्ण झाले, किती जणांनी मध्येच सोडले आणि का सोडले, याची नोंद ठेवावी. अर्ध्यावर सोडणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरी एकदा जाऊन यावे. तेथे मिळणारे कारण बहुधा अभ्यासाचे नसते. ते घरकामाचे, पाळीच्या नोकरीचे, लहान भावंडाच्या आजारपणाचे असते आणि त्यांतील काही कारणे संस्थेला दूर करता येण्याजोगी असतात.

या मार्गाने सर्वांचे भले होईल असा दावा करता येणार नाही. प्रयोगशाळेची जागा पडदा घेऊ शकत नाही आणि दूरवरच्या व्याख्यानाने शिक्षकांची रिक्त पदे भरली असे शासनाने मानू नये. बालवयात तर शिक्षकाला पर्यायच नाही. मात्र पदवीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या आणि परिस्थितीमुळे मागे पडलेल्या तरुण-तरुणींसाठी आज देशातील उत्तमोत्तम व्याख्याने विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यांचा खर्च शासनाने आणि विद्यापीठांनी आधीच केलेला आहे. उरलेला खर्च तुलनेने अल्प आहे आणि तो स्थानिक समाजाच्या वाट्याचा आहे.

गेल्या शतकात गावोगावच्या दानशूरांनी वसतिगृहे बांधली. त्यांच्या ओसरीवर कंदिलाच्या उजेडात शिकलेली मुले पुढे शिक्षक, वकील, डॉक्टर आणि उद्योजक झाली. या शतकातील दात्यांना कदाचित इमारत बांधावी लागणार नाही. सभागृहाचे कुलूप सायंकाळी उघडावे, दिवा लावावा आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाचे नाव विचारावे, एवढ्यानेही त्या कार्याचा आरंभ होईल.